अकरापैकी नऊ

पालथा घातला की पोटाशी अकरा भोकं दिसतात,
स्क्रू नऊच.
दोन कुठे गेले हे म्झेविनारला माहीत नाही.
मलाही नाही, म्हणजे
बहुतेक माझ्याच टेबलाखाली असतील,
दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यापासून.

कुताइसीत, बाजाराच्या मागे, सात पायऱ्या उतरून
माझं दुकान. खिडकीतून माणसांचे फक्त बूट दिसतात.
तिचे मी ओळखतो: डाव्याची टाच झिजलेली,
आणि मधल्या पायरीवर एक थांबा.
लॅपटॉप छातीशी, उशीच्या अभ्र्यात.

“एलगुजा, हा सुरू होईपर्यंत
माझी कॉफी होते, पिऊन होते, कप धुऊन होतो.
काय करू? ह्याच्यात काही घालायचं
की ह्यालाच घालवायचं?”

दिवसाला चारजण हेच विचारतात.
माझं मापही ठरलेलं आहे:
कोंबडीपेक्षा मसाला महाग होऊ द्यायचा नाही.
नवी डिस्क, एकशेदहा लारी.
मेमरी, एका मेलेल्या मशीनमधून काढलेली, तीस.
बॅटरी, जी भाकरीसारखी फुगून
टचपॅडला खालून ढुशी देतेय, नव्वद.
बिजागरी मिळत नाही.
माझी मजुरी मी शेवटी लिहितो, बारीक अक्षरात.

वरच्या फळीवर एक आहे, वापरलेला, जर्मनीहून आलेला,
सहाशे पन्नास. कुठल्याशा ऑफिसचं लेबल अजून चिकटलेलं.
तो विकला तर मला साठ सुटतात, दहा मिनिटांत.
हा दुरुस्त केला तर पंचवीस, आणि दुपार जाते.
हे ती विचारत नाही, मी सांगत नाही.
पण ते आमच्या मधोमध पडलेलं असतं,
स्क्रूड्रायव्हरसारखं.

ती हेझलनटचा हिशोब ठेवते, चौदा गावांचा.
कुणी किती पोती घातली, किती ओली निघाली,
कुणाला किती उचल दिली आणि कोण ती विसरला.
झिजलेल्या कळांवर तिनं अक्षरं पुन्हा काढलीत,
लाल नेलपॉलिशनं.

मी म्हटलं, “खरं सांगू? पुढच्या वर्षी
नवी सिस्टीम ह्याला दारात उभं करणार नाही.”
“मागच्या वर्षीही हेच म्हणालास.
आणि पंखा बदललास.”
“त्याआधी कीबोर्ड.”
“मग जुनं उरलंय काय ह्यात?”

मी बघितलं.
मदरबोर्ड. झाकण. आणि झाकणाच्या कोपऱ्यातली भेग,
मार्शुत्काच्या दारात सापडला होता तेव्हाची.

“तुझा असता तर?”

ह्या प्रश्नाला माझ्याकडे दरपत्रक नाही.
मी बिलं लिहितो तो ह्याच्याहून म्हातारा,
बॅटरीशिवाय चालतो,
वीज गेली की अख्खा दिवस घेऊन जातो.
“माझा असता तर, म्झेविनार,
मी कुणाला विचारलं नसतं.”

ती हसली नाही. बोटांवर काहीतरी मोजलं.
“डिस्क घाल. बॅटरी काढ, नवी नको.
अंधारात मेणबत्ती धरून पोती मोजलीयत मी.
पैसे सप्टेंबरात येतात.
तेव्हा तुझ्या त्या जर्मनाकडे बघू.”
“तोवर तो विकला जाईल.”
“दुसरा येईल. त्यांना कुठे दम निघतो?”

दुपार गेली.
ड्रॉवरमधला एक स्क्रू बरोबर बसला.
दुसरा दीड आटे जास्त लांब.
लांब स्क्रू दिसायला निरुपद्रवी,
पण आत बोर्डाला टोचला की संपलं;
एकदा टोचवलाय मी, भरपाई दिलीय.
कानशीवर घासला, फुंकला, फिरवला.
अकरा.

तिनं उचलून बघितला. “हलका झालाय.”
“बॅटरी काढलीय.”
“हो, तेच.”

मग बूट वर गेले. मधल्या पायरीवर थांबले का,
ठाऊक नाही. मी जमिनीवर ओणवा होतो,
टॉर्च घेऊन, टेबलाखाली,
त्या पहिल्या दोघांना शोधत.

एक सापडला.