पेशंट कुठंय

खोली स्वस्त दिसली म्हणून घेतली.
रात्री साडेअकराला कोदंडमने रिक्षा थांबवली, विचारलं,
पेशंट कुठंय?
म्हटलं, पेशंट नाही, मी ऑडिटला आलोय.
त्याला ते पटलं नाही.
माझी बॅग त्याने
आजाऱ्याची उचलतात तशी अलगद उचलली.

ग्रीम्स रोडच्या मागची ही गल्ली.
तमिळ पाटीखाली बंगाली पाटी,
एक लिपी वेटोळं घालून बसलेली,
दुसरी वरच्या रेघेला लटकलेली,
मला दोन्ही बंद.
फक्त आकडा वाचता आला : ३०.
कढई, पातेली, झारा,
रोजाचे तीस रुपये.
जेवढे दिवस दुखणं, तेवढं भाडं.

जिन्यात माणसं एक्स-रे उजेडाला धरून बघतात,
ज्यांना त्यातलं काही कळत नाही तीसुद्धा.

दिवसा अंबत्तूरच्या गोदामात खोकी मोजली.
चेन्नई म्हणजे तिथं पत्रा होता, घाम होता,
आणि चारला स्टीलच्या डबऱ्यात
वरून ओतत आणलेली कॉफी.

बारिसालच्या रोशनआरांचा सतरावा दिवस.
मासे घेण्यापुरतं तमिळ त्या शिकल्यात.
वेदवल्ली त्यांचे उच्चार सुधारते,
पाल्याचा भाव तिप्पट लावते
आणि माशाचं डोकं फुकट टाकते पिशवीत.
ह्या लोकांना डोकं लागतं,
हे तिला आता ठाऊक आहे.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळे समुद्रावर.
लॉजचे अकरा जण, दोन रिक्षा.
मनगटावर हॉस्पिटलची पट्टी असलेला
सिलचरचा बिटू विचारत होता,
हा कुठला समुद्र?
रोशनआरा म्हणाल्या, आमचाच.
आणि डावीकडे हात केला,
असं काठाकाठाने चालत गेलं
की घर.
कुणी हसलं नाही.
बिटू खरोखरच
थोडा चालून आला त्या दिशेला,
चप्पल हातात घेऊन.

पहाटे पुन्हा कोदंडम.
आरशात बघून विचारलं,
रिपोर्ट काय आला?
गोदामात दोनशे बारा खोकी कमी होती.
म्हटलं, नॉर्मल.
त्याने हँडलवरचा एक हात काढला,
छातीला लावला,
आणि सिग्नल लाल असतानाच
रिक्षा पुढे काढली.