बघणारा

माझं काम बघण्याचं.
आतून आलेले कपडे उतरवतात, मी बघतो,
नारिंगी जाळीच्या ह्या बाजूनं, दोन मीटरवरून,
पाठीवर पंप, हातात क्लोरीनची नळी.
आधी मोटारसायकलवर माणसं वाहायचो, बुटेम्बो ते बेनी.
मागे बसलेल्याचा चेहरा दिसायचा नाही.
इथे समोर उभ्या असलेल्याचाही दिसत नाही,
फक्त कपाळावर मार्करनं नाव
आणि आत गेल्याची वेळ:
काव्हुघो, १०.२०.

हात धू, मी म्हणतो.
एप्रन. पुढून नाही, मागची गाठ.
हात धू.
डोळे मीट, वाक, चष्मा मागून ओढ.
हात धू.
सावकाश. कोणी मागे लागलेलं नाही.

हे शेवटचं खोटं.
आपण हात धुतो
आणि तो हात धुऊन मागे लागतो.

त्या मंगळवारी आत एक पोर तिच्या गळ्यात पडलं होतं.
तीन वर्षांचं. आई शेजारच्याच खाटेवर, सकाळीच गेलेली.
पोर गळ्यात पडतं.
दोन मीटर म्हणजे किती, त्याला कोण सांगणार.
काव्हुघोनं त्याला सोडवलं नाही,
असं ती नंतर म्हणाली, मी न विचारता.

बाहेर आली तेव्हा बुटांत घाम डचमळत होता.
एप्रन झाला. हात. चष्मा. हात.
आणि फाटकाच्या पत्र्यावर दगड वाजला.

ते रोजचंच. गावाला वाटतं,
आम्ही इथे माणसं आणून मारतो.
माझ्या थोरल्या भावालाही वाटतं, पालुकूला.
मी काकुले, चौथा; आमच्याकडे नावातच नंबर असतो,
चौथ्याचं कोण ऐकतं.

मान वळली.
एक दगड मोजण्याइतकीच.
पुन्हा बघितलं तेव्हा तिचा हात
गालाजवळ होता.
जवळ की गालावर?

लागला का रे? तिनं विचारलं. उघडे डोळे, लाल.
तिलाच कळलं नव्हतं. गाल बधिर, हातमोजा ओला,
तीन तास ती आत होती.

नाही म्हणालो असतो
तर संध्याकाळी घरी, मासिकाच्या वेण्या घालायला.
हो म्हणालो असतो तर एकवीस दिवस.
डोळ्यांत तेल घालून बघ, असं शिकवलं होतं मला,
आणि तेल होतं, पण डोळे फाटकाकडे.
मी म्हणालो, दिसलं नाही.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली,
मग हो लिही.

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं,
वहीवर क्लोरीनचा थेंब पडून शाई पिवळट झाली.

आता ती मागच्या छोट्या तंबूत.
तिची आई फुफू आणि सोम्बे आणते,
ताट ओंडक्यावर ठेवते, मागे सरते,
मग दोघी जेवतात, एक इकडे, एक तिकडे.
नवऱ्याचा निरोप आला, ही नोकरी सोड.
गेल्या महिन्याचा पगार अजून आलेला नाही,
सोडायची तरी कशी, ती हसून म्हणाली.

संध्याकाळी मी जातो. ती आकडा सांगते.
चौथ्या दिवशी छत्तीस आठ.
नवव्या दिवशी सदतीस चार;
तंबूत ऊन होतं, म्हणाली.
आम्हा दोघांनाही लस टोचलेली आहे. तरी
त्या रात्री मी उंबऱ्याबाहेर निजलो,
का ते बायकोला सांगता आलं नाही.

आज सतरावा.
सकाळी नवा मुलगा आत जाऊन आला, कपाळावर सालुमू.
पत्र्यावर पुन्हा वाजला, ह्या वेळी दोनदा.
एक खडा माझ्या पंपावर आपटला.
इतका काय बघतोस, सालुमू म्हणाला, लाज वाटते.
वाटू दे, म्हणालो.
डोळे मीट. वाक. मागून ओढ.

तो पोरगा, गळ्यात पडलेला, जेवतो आहे आता.
कोणी त्याला चमचा धरायला शिकवलाय.
हे तिला सांगायचं आहे,
आधी आकडा विचारून.

हात धू, सालुमू.
पुन्हा.