उघडण्याचं कारण

काजानीला पोचले तेव्हा दुपारचे अडीच,
आणि अंधार पडू लागलेला.
इथे पूर्वी कागदाचा कारखाना होता.
त्याच विटांच्या आत आता यंत्रं उभी आहेत रांगेने
आणि त्यांच्यात साऱ्या जिल्ह्याची दुखणी:
कुणाची साखर, कुणाचा गर्भपात,
कोण कधी पुलाच्या कठड्याशी किती वेळ उभं होतं, ते.
लोक याला क्लाउड म्हणतात.
या ढगाला कुंपण आहे, दोन दारं, आणि पेट्री.
पेट्री राईची भाकरी खात
माझं ओळखपत्र दरवर्षी पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहतो.
नियम आहे तसा.

मी नियमांची बाई.
कलम बत्तीस मला पाढ्यासारखं पाठ.
किल्ली कुठे असते?
दुसऱ्या शहरात, दोघांच्या हाती, एकट्याला फिरवता येत नाही.
माहिती सीमेपलीकडे जाते?
नाही.
तिची नक्कल?
ती जाते, पण मुकी. अक्षरांचा नुसता भुसा.
वीज गेली तर?
अकरा सेकंद.
नोकरी सोडलेल्यांची नावं?
त्याच संध्याकाळी पुसतो.
(इथे ते खोटं बोलले. दोन नावं होती. एक तर मेमधलं.)

मग नोंदी. कोणी, कोणाची फाइल, किती वाजता, कशासाठी.
चार लाख ओळी.
हल्ला बाहेरून येतो, असं भाषणांत सांगतात.
मला बहुधा कुंपणच शेत खाताना सापडतं:
शेजारणीच्या बाळंतपणात डोकावणारा,
नवऱ्याच्या जुन्या मैत्रिणीचे रक्ताचे रिपोर्ट चाळणारी.
त्यांची मी गय करत नाही.

मिर्वा लेइनोनेन, नर्स, वॉर्ड सहा.
फाइल ओस्मो लेइनोनेन यांची. मृत.
पहाटे दोन तेरा. दोन चौदा. दोन अकरा.
अशा सदतीस रात्री.
उघडण्याचं कारण निवडा, म्हणतो पडदा:
उपचार, बिल, तक्रार, इतर.
तिने निवडलं इतर.
पुढची चौकट रिकामी सोडता येत नाही,
तिथे तिने दर वेळी एक टिंब दिलं होतं.
खाली अक्षर नसलेला अनुस्वार.

समोर बसली. हात सॅनिटायझरने पांढरे पडलेले.
भाऊ तुमचा?
धाकटा.
काय वाचत होतात?
वाचत नव्हते काही.
वर लाल अक्षरात लिहिलंय ना, पेनिसिलिन देऊ नये, म्हणून.
ते अजून आहे का, एवढं बघायचे.

मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
किती दिवस ठेवता तुम्ही हे? तिने विचारलं.
मृत्यूनंतर बारा वर्षं. मग नष्ट करतात,
तसं प्रमाणपत्र देतात.
तिने बोटांवर मोजलं.
म्हणजे मी एकसष्ट वर्षांची असेन, म्हणाली,
जणू मी तिला गाडीची वेळ सांगितली होती.

अहवालात लिहिलं: विनाकारण प्रवेश, सदतीस वेळा.
विनाकारण खोडलं.
अनधिकृत लिहिलं. ते खरं होतं.
तिचा प्रवेश त्याच संध्याकाळी बंद झाला,
मेमधल्या नावासकट.
नातेवाइकांनी प्रत मागण्याचा फॉर्म असतो, चार पानी;
तो मी तिच्याकडे सरकवला.
तिने घडी घालून खिशात ठेवला. भरेल असं वाटलं नाही.
उद्या दुसऱ्या कुणाची बहीण अशी नसेल,
दार दोघींना एकच असतं,
हे मी स्वतःला परतीच्या बर्फात दोनदा समजावलं.

यंत्रं थंड करून तापलेलं पाणी
इथे गावाच्या नळ्यांत सोडतात, पेट्री म्हणाला होता.
वॉर्डाला, शाळेला, लेइनोनेनांच्या घरालाही जात असेल.
हॉटेलात मोजे रेडिएटरवर वाळत टाकले.
रात्री जाग आली, घड्याळ मुद्दाम पाहिलं नाही.
नळीला हात लावला.
कोमट होती.
मोजे अजून ओलेच.