नऊ लिटर

"नऊ लिटर," मी म्हटलं,
तर आईने विचारलं, "ओतणार काय त्यात?"
खरंच की. पेटी, आणि तिचं माप लिटरमध्ये,
जणू खोबरेल किंवा हुराक.

प्रज्योत जहाजावर. त्याच्या केबिनमध्ये
बंकच्या पायथ्याशी एक फळी, तिला बोटभर कठडा,
लाटेत काही घसरू नये म्हणून.
व्हिडिओ कॉलवर त्याने वितीने मोजून दाखवली:
दोन विती लांब, दीड वीत खोल,
वर मूठ बसेल इतकीच जागा.
मग सिग्नल गेला, आणि त्याची वीत
स्क्रीनवर तशीच ताणलेली राहिली.
तिची खरी लांबी मला कशी कळावी?
शेवटी त्याचा जुना कीपिंगचा ग्लोव्ह शोधला,
आत हात घातला, पट्टी लावली.
ढोबळ बावीस सेंटीमीटर.

डिचोलीत बारा वर्षं मी खाणीच्या ऑफिसात
खड्ड्यांचे नकाशे काढले. एकास हजार.
अख्खा डोंगर एका कागदावर उतरायचा,
दोन मीटर इकडे तिकडे झाले तर कोण विचारतं?
खाण बंद पडली तेव्हा ऑफिसातून आणली
फक्त ही स्टीलची पट्टी.
आता एकास एक.
आता अर्धा मिलिमीटर मला झोपू देत नाही.

पहिली पेटी काजूच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची.
मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड आडवी निजवली,
भांडून झोपलेल्या भावंडांसारखी,
एकाच चटईवर, मध्ये भिंत;
भिंतीखालून एक चपटी वायर,
त्यांचं बोलणं चालू राहावं म्हणून.
पायथ्याशी पॉवर सप्लाय.
तीनशे, तीनशे ऐंशी, ऐंशी.
गुणाकार करून पाहा, आई: नऊ लिटर आणि वर एक घोट.

अस्नोड्याचा कायतान भाटीची तांब्याची भांडी ठोकतो.
त्याने पुठ्ठा हातात घेतला, उलटा केला,
आत फुंकर मारली.
"हून वारो खंयच्यान भायर सरतलो?"
मी भोकं दाखवली. तो हसला.
भाटीत वाफ अडवली की फेणी, म्हणाला,
तुझ्या पेटीत अडवली की राख.

मग भोकांचे दिवस.
मोठी पाडली तर मुंग्या, पालीची पिल्लं,
लहान पाडली तर पंखा धापा टाकणार.
शेवटी तीन मिलिमीटर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी,
वरच्या अंगाला, उजवीकडे दाट.
लोखंड नको, खारा वारा त्याला सहा महिन्यांत चघळतो.
अॅल्युमिनियम, दीड मिलिमीटर.

आणि तरी झाकण तोकडं पडलं.
दोन मिलिमीटर.
मी रेघा पुन्हा पुन्हा मोजल्या, रेघा बरोबर होत्या.
कायतान कोपऱ्यावरून अंगठा फिरवत म्हणाला,
वाकवताना पत्रा ताणतो, बाई,
ते तू कागदावर धरलंच नाहीस.
नाही धरलं.
बारा वर्षं डोंगर काढले,
पण काही वाकवलं नव्हतं कधी.

दुसरं झाकण बसलं. चार स्क्रू,
पाचवा हरवला, तो अजून सापडलेला नाही.
तेवढ्यात प्रज्योतचं कंत्राट चार महिन्यांनी लांबलं.
पेटी टीव्हीखाली राहिली, काळी, चपटी,
आणि एका रात्री मी त्याचा आवडता रेसिंगचा गेम लावून
चाचणी घेत होते, तर पारा त्र्याण्णववर.
पंखे किंचाळायला लागले.
मी सगळा हिशोब मनात उलगडला:
भोकं, पंखे, कायतानची फुंकर.
मग दिसलं. आईने पेटीवर
क्रोशाचा रुमाल घातला होता.
"उघडं कसं ठेवायचं?"

रुमाल काढला. पारा उतरला.
तिने भोकांवर तळवा धरला, बराच वेळ धरला,
काही बोलली नाही.

रविवारी प्रज्योतचा फोन आला.
"तापमान किती जातं गं? खरं सांग."
मी आकडा सांगणार, तोच आई पुढे सरकली:
"बाजूला सोलां ठेवली होती,
दोन दिवसांत सुकली."