डावं वळण

भोसरी. तिसऱ्या पाळीचा चहा.
सुदाम लांडगे मोबाईल पुढे करतो :
चाळीस गाड्या, एकच गोल,
तीन तास नुसतं डावीकडे.
"हे इकडं आणलं पाहिजे. चाकणला जागा आहे."

शकीलभाई बिस्कीट बुडवतात.
"तुझ्या आज्याचा बैलगाड्यांचा घाट
नेशील का अमेरिकेत?
बैल जातील एक वेळ विमानानं.
भंडारा कोण उधळणार?
हरणाऱ्याला बापाच्या नावानिशी
शिव्या कोण घालणार तिथं?"

बिस्कीट तुटून कपात पडतं.
सुदाम म्हणतो, "शिकतील की."

मी व्हॉल्व्ह मोजते,
खोक्यावर शिक्का मारते : शार्लट.
त्या गर्जनेत माझा एखादा मायक्रॉन
असेल, नसेल.

सकाळी स्कूटी काढते.
नाशिक फाट्याला
मला उजवीकडे वळायचं असतं.