येथे ऑल्टर करून मिळेल

पाटी वाचून हर्मिनाबाई हसल्या.
आमच्यात ऑल्टर म्हणजे वेदी, म्हणाल्या,
अन् पिशवीतून काढला
टॉवेलात गुंडाळलेला झगा.

पांढरा राहिला नव्हताच तो.
चहा सांडून धुतल्यासारखा रंग,
काखेत उसवलेला, लेसला कसरीची दोन भोकं.
आणि केवढा लांब! बाळ हातभर, झगा दीड वार.
पायाखाली एवढं कापड कशाला हो?
"तसंच असते," त्या म्हणाल्या. "रविवारी नातवाचा बाप्तिस्मा.
कापू नका फक्त."

मोहननगरात मे महिना.
दुपारी कूलरसमोर बसून मी दुमड उसवली
तर आतून काहीतरी टण्णकन पडलं मशीनच्या पत्र्यावर.
शर्टाच्या बटणाहून लहान बिल्ला,
त्यावर हात पसरलेली बाई,
चेहरा झिजून सपाट.

आणि दुमडीच्या आत लाल दोऱ्यानं नावं,
रेल्वेच्या बदल्यांसकट:
ऑगस्टिन, खडगपूर.
लिऑनी, भुसावळ.
सिरिल, अजनी. डल्सी, अजनी.
मग एक नाव दीडच अक्षराचं,
पुढं नुसती सुईची भोकं.

माझे आजोबा कोष्टी, गोळीबार चौकात माग.
आमच्यात बाळाला पहिलं अंगडं जुनेराचं,
शेजारणीकडून मागून आणलेलं.
जगलेल्या अंगाचं असावं, म्हणायची आई.
माझ्या दोघांच्या कुंच्या मीच शिवल्या होत्या.
मोठ्याच्या कुंचीनं पुढं सायकल पुसली गेली.

रफू केला. एकेरी दोरा, श्वास धरून.
बिल्ला होता तिथंच, तसाच टाचला.
तेवढ्यात कूलर शिंकला
अन् पाणी थेट झग्याच्या छातीवर.
हबकलेच. खसाचा डाग पिवळा बसतो, जात नाही.
फुंकर घालत बसले संध्याकाळपर्यंत,
अंगात बाळ असल्यासारखी.

शनिवारी बाईंनी झगा उजेडात धरला.
दुमडीवरून बोट फिरवत नेलं,
बिल्ल्याशी थांबल्या.
मी सांगून टाकलं, थोडं पाणी पडलं होतं हो.
"पडू द्या," म्हणाल्या, "पाण्यासाठीच तर आहे तो."

मी वीस सांगितले, त्यांनी पन्नास ठेवले.
निघताना लाल दोरा मागितला, दोन हात.

एका नावाला इतका लागत नाही.
मी तीन हात तोडून दिला.