माया

लेनिनाकानच्या गिरणीत तुटले धागे गाठणाऱ्या आरुस्याककडे
झगा असा एकच होता,
बाटलीच्या काचेसारखा हिरवा, लोकरी.
बाकीचे होते ते कपडे.

कापड सत्तावन सालचं, चार तास रांगेत उभं राहून मिळालेलं.
दुकानातली बाई ओळखीच्यांना मोजताना
पट्टी जरा सैल धरायची.
बोटभर जास्त आलं.
ते बोटभर आरुस्याक एकतीस वर्षं पुरवणार होती.

बेतताना तिने खाली वीतभर दुमड घेतली,
बाजूंना दोन-दोन बोटं आत सोडली.
शिवणीच्या आतलं, कुणाला न दिसणारं,
पुढच्या अंगासाठी राखलेलं कापड:
आपल्याकडचे शिंपी त्याला माया म्हणतात.
तिच्या भाषेत काय म्हणतात, विचारायचं राहून गेलं.

आधी घेर पोटरीपर्यंत, कमरेला पट्टा.
मग रिगाहून एक मासिक आलं, एका रात्रीच्या बोलीवर,
सतरा बायकांच्या हातून,
मधल्या पानावर चहाचं गोल घेऊन.
त्यातली बाई गुडघे उघडे टाकून मोटारीला टेकलेली.
मागे नकाशा: रेघांवर रेघा,
सगळ्या देशाचे रूळ एकाच स्टेशनात शिरावेत तशा.
स्टुलावर काच, काचेखाली दिवा,
वार्सेनिकने वर्तमानपत्रावर उतरवून घेतलं सगळं.
पोलादाच्या आकड्यांवरून कमर गेली,
कुणा पुढाऱ्याच्या कपाळातून गळा.

बाही मात्र नव्हती.
त्या कोपऱ्यात कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया बांधून नेल्या होत्या.

मग आरुस्याकने घेरातल्या दोन कळ्या काढल्या
आणि मनानेच बाही बेतली,
कोपरात ढिली,
कारण मागावर हात वरपर्यंत न्यावा लागतो.
महिन्याभरात गिरणीतल्या नऊजणी
कोपरात ढिल्या बाह्या घालून हिंडू लागल्या.
वार्सेनिकच्या जावेने तर शपथेवर सांगितलं,
पॅरिसला सध्या हेच चाललंय.

त्याच हिवाळ्यात दुमड वर गेली.
सासूबाई, पेरूझ, आठ दिवस बोलल्या नाहीत.
नवव्या दिवशी एवढंच म्हणाल्या,
"गुडघे धरतील."
आणि लोकरीचे जाड मोजे विणायला घेतले,
झग्याला शोभतील अशा हिरव्या रंगात.

पुढे फॅशन पुन्हा खाली उतरली.
आरुस्याकने दुमड सोडली, तर जुन्या घडीची रेघ तिथेच,
फिकट, दारावरच्या उंचीच्या खुणेसारखी.
इस्त्री झाली, व्हिनेगर झालं, ओला फडका झाला,
शेवटी तिला तिने एक शिवीही दिली.
रेघ हलेना.
तेव्हा तिच्यावर जुन्या कोटाची काळी फीत बसवली.
लोक म्हणाले, फितीने काय उठाव आलाय!
ती म्हणाली, हो ना.

न्वार्द पोटात असताना बाजू उसवल्या.
नंतर पुन्हा टिपल्या, पण आधीइतक्या आत नाही.
त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही,
फक्त पट्टा काढून टाकला
आणि त्याची दोन बटणं मढवली.

आता झगा न्वार्दकडे आहे.
तिने माझ्यासमोर तो टेबलावर उलटा टाकला,
जशी एखादी म्हातारी मासळी साफ करायला घेते तसा.
तीन दुमडींच्या तीन रेघा,
सुयांची भोकं, सुटलेल्या टाक्यांची केसं,
एका जागी पिवळा दोरा, हिरवा संपला असणार त्या दिवशी.
"आईचे खांदे अरुंद," ती म्हणाली, "माझे गिरणीच्या फाटकाएवढे."
ब्लेड घेतलं, काखेतली शिवण हलकेच उघडली,
पट्टीने मोजलं.

अजून दीड बोट शिल्लक होतं.

बाहेरून झगा केव्हाच शेवाळी झालाय,
पण त्या दीड बोटावर ऊन कधी पडलंच नव्हतं.
आम्ही दोघी वाकून बघत राहिलो:
बाटलीच्या काचेचा हिरवा,
परवाच रांगेतून आणल्यासारखा.
न्वार्दने सुईत दोरा ओवला,
ओवताना ओठ आईसारखे दुमडले.